पक्क्या भिंतीला जिप्सम बोर्ड लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं विटेच्या, ब्लॉकच्या, चिऱ्याच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीला आतल्या बाजूने जिप्सम बोर्ड लावण्याबद्दल आहेत. फॉल्स सीलिंग आणि पार्टिशनचा विषय इथे नाही. तिथे बोर्डामागे मोकळी हवा असते. इथे मागे भिंत असते, आणि निम्मे घोटाळे तिच्यामुळे होतात. मी अशी कामं करून घेणाऱ्यांच्या बाजूने बरीच वर्षं साइटवर उभा राहिलो आहे. त्यामुळे उत्तरांत माझी मतं डोकावतील, त्याला इलाज नाही.

पीओपी, जिप्सम प्लास्टर आणि जिप्सम बोर्ड हे एकच ना?

मूळ खनिज एकच, रूपं वेगळी. जिप्समच्या दगडात वजनाच्या सुमारे एक पंचमांश पाणी बांधलेलं असतं. दगड भाजला की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडून जातं आणि पांढरी भुकटी उरते, ती पीओपी. पाणी घातलं की ती पुन्हा दगडासारखी घट्ट होते. हीच भुकटी जरा सावकाश घट्ट व्हावी म्हणून त्यात काही मिसळलं, की ते भिंतीवर थापायचं जिप्सम प्लास्टर. आणि कारखान्यातच दोन जाड कागदांच्या मधे ओतून, वाळवून, कापून आणलेली पाटी म्हणजे बोर्ड. कागद आणि प्लास्टरच्या थरांच्या अशा पाटीचं पेटंट अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट यांनी १८९४ मध्ये घेतलं होतं. आपल्याकडे बोर्डासाठी भारतीय मानक आहे, आयएस २०९५. खरेदी करताना बोर्डाच्या पाठीवर तो शिक्का बघा.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. बोर्डाची ताकद त्याच्या कागदात असते. कागद फाटला, भिजला किंवा सुटला, की हातात खडू उरतो.

माझ्या भिंतीला बोर्ड लावायची गरज आहे का?

खरं सांगायचं तर दहातल्या बऱ्याच घरांत नसते. भिंत कोरडी आणि ओळंब्यात असेल, फक्त खरबरीत दिसत असेल, तर जिप्सम प्लास्टर किंवा नीट दोन हात पुट्टी पुरते. ते स्वस्त पडतं, जागा खात नाही आणि खिळा ठोकताना विचार करावा लागत नाही.

बोर्ड कधी शोभतो? जुन्या घरात भिंत वरून खाली दीड-दोन इंच कललेली असते, तेव्हा. तेवढी जाडी सिमेंटच्या गिलाव्याने भरून काढायची तर दोन-तीन थर, प्रत्येकाला पाणी मारणं आणि शिवाय तडे. घरात राहूनच काम करायचं असेल आणि वाळूचा राडा नको असेल, तरीही बोर्ड बरा. शेजारच्या घरातला आवाज किंवा पश्चिमेच्या भिंतीची धग कमी करायची असेल तर मागे लोकर, म्हणजे ग्लासवूल किंवा रॉकवूल, भरून लावलेला बोर्ड उपयोगी पडतो.

चौथं कारण गेल्या काही वर्षांतलं आहे. नव्या टॉवरमध्ये मायवान शटरिंगच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या, भिंती असतात. अख्खी भिंत काँक्रीटची आणि तीच इमारतीचा भार पेलते. तिच्यात वायरिंगसाठी झिरी मारायची नसते. बिल्डरने ताबा देतानाच्या कागदांत तसं लिहिलेलंही असतं, फक्त ते कुणी वाचत नाही. स्विचबोर्डची जागा बदलायची असेल तर भिंत फोडण्यापेक्षा पुढे बोर्डाचं अस्तर लावून त्यामागून पाइप नेणं शहाणपणाचं.

आणि ओल दिसते म्हणून बोर्ड लावायचा असेल, तर पुढचं उत्तर वाचल्याशिवाय कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नका.

भिंतीला ओल येते. वरून बोर्ड लावला तर झाकली जाईल ना?

झाकली जाईल, साधारण एक पावसाळाभर. मग बोर्डाच्या मागचा कागद पाणी ओढायला लागतो, त्यावर बुरशी धरते, खोलीला कुबट वास येतो, आणि शेवटी पुढच्या रंगावर काळे ठिपके उमटतात. तोवर मागे काय झालंय ते कुणालाच दिसलेलं नसतं. उघड्या भिंतीची ओल निदान डोळ्यांसमोर असते.

आधी ओल कुठून येते ते शोधायचं. आपल्याकडे तिच्या चार वाटा. बाहेरून येणारी ओल मुंबई-कोकणात बहुधा पश्चिम किंवा नैर्ऋत्येच्या भिंतीला दिसते, कारण मोसमी पावसाचा मारा तिकडूनच. बाहेरच्या गिलाव्याला केसाएवढा तडा असला तरी वाऱ्यासकट पाणी आत शिरतं. वरून येणारी म्हणजे गच्ची किंवा वरच्या घराचं बाथरूम. ती छताच्या कोपऱ्यापासून खाली उतरते आणि उन्हाळ्यातही दिसते, यावरून ओळखू येते. खालून चढणारी ओल तळमजल्याच्या घरांत, विशेषतः जुन्या बांधकामात. जोत्याला ओलरोधक थर नसला की जमिनीतलं पाणी विटांमधून वर चढतं, दोन-तीन फुटांवर थांबतं आणि तिथे क्षारांची पांढरी पूड (लोणा) व पोपडे दिसतात. चौथी वाट भिंतीतल्या पाइपची. नळ बंद करून मीटरचा काटा हलतो का पाहिलं, तर बऱ्याचदा तिथेच उत्तर मिळतं.

सोपी परीक्षा अशी. दोन फूट बाय दोन फूट पॉलिथिनचा तुकडा घ्या, चारी कडांनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव साचलं तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीच्या बाजूला साचलं तर हवेतली वाफ आहे. ही परीक्षा एप्रिलमध्ये करून खूश होऊ नका. एप्रिलमध्ये सगळ्याच भिंती कोरड्या असतात. दुरुस्ती केल्यावर एक पावसाळा भिंत उघडी ठेवून बघणं हाच भरवशाचा मार्ग. ग्राहकांना हे ऐकायला आवडत नाही, हे मला माहीत आहे.

मीही एकदा ऐकलं नव्हतं. एका फ्लॅटमध्ये मार्चमध्ये पश्चिमेच्या भिंतीला बोर्ड लावून घेतला. भिंत अगदी ठणठणीत कोरडी. ऑगस्टमध्ये सोफ्यामागे काळी नक्षी. बोर्ड काढला तर पाठीचा कागद ओल्या वर्तमानपत्रासारखा हातात आला. कारण सापडलं ते लाजिरवाणं होतं. एसीच्या पाइपसाठी भिंतीला पाडलेलं भोक आतल्या बाजूला उतरतं होतं आणि बाहेरून बुजवलेलं नव्हतं. पाऊस सरळ त्या नळीतून बोर्डामागे उतरत होता. तेव्हापासून अशी भोकं बाहेरच्या बाजूला उतारानेच पाडायची आणि बोर्ड चढण्याआधी स्वतः हात घालून तपासायची, हा माझा नेम आहे.

चिकटवायचा की फ्रेमवर लावायचा?

तीन पद्धती दिसतात. पहिलीत भिंतीवर बाँडिंग कंपाउंडचे गोळे लावून त्यावर बोर्ड दाबतात. दुसरीत जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या, पत्र्याचे सेक्शन (लांब घडीव पट्ट्या) भिंतीला बसवून त्यावर बोर्ड स्क्रूने आवळतात. तिसरी लाकडी पट्ट्यांची. हिच्याबद्दल वाळवीच्या प्रश्नात बोलू, पण मी ती टाळतो.

चिकटवण्याची पद्धत जागा कमी खाते आणि झटपट होते. पण भिंत त्या गोळ्यांना धरून ठेवण्याच्या लायकीची हवी: कोरडी, घट्ट, धूळ नसलेली. ऑइलपेंट किंवा डिस्टेंपरवर गोळे चिकटवणं म्हणजे रंगाच्या पापुद्र्यावर वीस किलोची पाटी टांगणं. रंग सुटला की बोर्डही सुटला. बोटांच्या पेराने भिंत ठोकत जा. पोकळ आवाज आला तिथला गिलावा काढावाच लागतो.

फ्रेमची पद्धत भिंतीच्या कातडीवर अवलंबून नसते, कारण स्क्रू थेट विटेपर्यंत जातो. भिंत खूप वाकडी असेल, मागे पाइप किंवा लोकर न्यायची असेल, जुना रंग खरवडायचा नसेल, तर फ्रेमच. माझा कल सरसकट फ्रेमकडे आहे. आणखी एक साधं कारण: आपल्याकडचे कारागीर फॉल्स सीलिंगमुळे पत्र्याच्या कामात तरबेज झालेत. गोळ्यांचं काम नीट जमणारे हात कमी दिसतात.

माझी भिंत कशाची आहे याने काय फरक पडतो?

खूप पडतो.

पक्की भाजलेली वीट सगळ्यांत समजूतदार. आठ मिलिमीटरचं भोक, नायलॉनची गिट्टी (भोकात ठोकायची, स्क्रू धरणारी खुंटी) आणि स्क्रू, झालं काम. मात्र भोक विटेत पडलं पाहिजे. सांध्यातल्या वाळू-सिमेंटमध्ये पडलं तर गिट्टी फिरत राहते.

सिपोरेक्स, म्हणजे एएसी ब्लॉक, हलका आणि ठिसूळ. त्याला ड्रिल मशिनचा हॅमर बंद करून, नुसतं फिरवत भोक पाडायचं. हॅमरने आतून भुगा होतो आणि भोक मोठं होतं. साधी गिट्टी आज घट्ट वाटते आणि वर्षभराने बाहेर येते. या ब्लॉकसाठी वेगळ्या लांब गिट्ट्या मिळतात, त्याच वापरा. स्क्रू जास्त आणि जवळजवळ घ्या.

मायवानचं काँक्रीट गुळगुळीत असतं आणि त्यावर शटरिंगच्या तेलाचा अंश राहिलेला असू शकतो. गोळे चिकटवायचे तर भिंत धुऊन, घासून, बाँडिंग एजंटचा हात मारूनच. फ्रेम लावताना ड्रिल सळईला लागलं तर जोर करू नका, इंचभर बाजूला सरका.

कोकण आणि गोव्यातला चिरा ही वेगळीच जात आहे. जांभ्या दगडाला भोकं असतात, तो पाणी पितो आणि सोडतो. चिऱ्याच्या जुन्या घरात पावसाळ्यात भिंत दमट राहणं हा बिघाड नव्हे, तो तिचा स्वभाव. अशा बाहेरच्या भिंतीला आतून बोर्ड लावायला मी सहसा नाहीच म्हणतो. आतल्या, दोन खोल्यांमधल्या चिऱ्याच्या भिंतीला हरकत नाही. तिथे फ्रेम लावा. भोक चिऱ्याच्या मध्यभागी पाडा, कडेला पाडलं तर टवका उडतो, आणि नेहमीपेक्षा लांब गिट्टी घ्या.

पुण्या-साताऱ्याकडच्या जुन्या वाड्यांत दगड-मातीच्या किंवा चुन्यात बांधलेल्या जाडजूड भिंती असतात. चुना आणि माती ओल शोषतात आणि हवेत सोडून देतात. बोर्ड, ऑइलपेंट किंवा सिमेंटचा गिलावा लावून तो मार्ग बंद केला की ओल भिंतीतच कोंडते. मातीत गिट्टीही धरत नाही. अशा घराला चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचाच रंग द्या. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधायला लागतील तेवढे दिवस लागू देत.

गोळ्यांनी चिकटवायची नीट रीत काय?

भिंतीवर दोरी मारून सगळ्यांत पुढे आलेली जागा शोधा. बोर्डाची पातळी तिथून ठरते. जमिनीवर आणि छताला रेघ ओढा. बोर्ड खोलीच्या उंचीपेक्षा साधारण १५ मिमी आखूड कापा, म्हणजे खाली फट ठेवता येईल. फरशी पुसताना किंवा पाइप फुटून जमिनीवर पाणी साचलं तरी कागदाला लागू नये यासाठी ती फट. पुढे स्कर्टिंग तिला झाकतं.

भिंत फार पाणी पीत असेल तर प्रायमर मारा किंवा हलकं ओलं करा, नाहीतर ती मालातलं पाणी ओढून घेते आणि गोळा भुसभुशीत राहतो. मग भिंतीवर हाताएवढ्या लांबीचे गोळे लावा. १२.५ मिमी जाडीच्या चार फुटी बोर्डाला उभ्या तीन ओळी पुरतात, दोन कडांजवळ आणि एक मध्ये. कडांच्या ओळी कडेपासून इंचभर आत. छताजवळ, जमिनीजवळ, खिडकी-दाराभोवती आणि स्विचबोर्डाभोवती सलग पट्टा ओढा. आपले कारागीर हाच पट्टा विसरतात. तो नसला की मागची सगळी पोकळी एक होते. धूळ, मुंग्या, वास, सगळं स्विचबोर्डातून खोलीत.

एका वेळी एकाच बोर्डाचा माल लावा. बोर्ड खाली फाचरीवर टेकवून उभा करा, लांब पट्टीने ठोकत रेघेवर आणा आणि ओळंबा बघा. दाबल्यावर गोळ्याची जाडी १० ते २५ मिमीच्या दरम्यान राहायला हवी. जास्त भरावं लागत असेल तर भिंत फ्रेमची आहे असं समजा. माल घट्ट होईपर्यंत बोर्डाला हात लावू नका. घट्ट झाल्यावर प्रत्येक बोर्डाला वरच्या अर्ध्या भागात दोन स्क्रू गिट्टीसकट भिंतीत मारा. आग लागली आणि माल सुटला तर पाटी अंगावर येऊ नये, म्हणून ही जास्तीची पकड.

कंपाउंडऐवजी स्वस्तात पीओपी कालवणारे भेटतात. ती इतक्या लवकर घट्ट होते की बोर्ड सरळ करायला वेळच उरत नाही.

आणि फ्रेमची?

खाली-वर कडेचे चॅनल, भिंतीवर दोन-दोन फुटांवर उभे सेक्शन आणि त्यांना भिंतीशी जोडणारे ब्रॅकेट. ब्रॅकेटचे कान वाकवून सेक्शन पुढे-मागे करता येतो, म्हणून भिंत कितीही वाकडी असो, फ्रेम दोरीत येते. ब्रॅकेटही उभ्या दिशेने दोन फुटांच्या आसपास घ्या. कारागीर चारवर नेतो आणि मग बोर्डावर टेकलं की ढोलकी वाजते.

बोर्डाचा सांधा सेक्शनच्या मध्यावर यावा. २५ मिमीचे काळे ड्रायवॉल स्क्रू, साधारण नऊ ते बारा इंचांवर. डोकं कागदाच्या किंचित खाली जावं, पण कागद फाटू नये. फाटला तर तो स्क्रू हिशेबात धरू नका, दोन इंच सोडून दुसरा मारा. कडेपासून निदान १० मिमी आत, कापलेल्या कडेपासून आणखी थोडं.

दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यावर सांधा आणू नका. तिथे अखंड बोर्डातून एलच्या आकाराचा तुकडा कापा. दार आपटलं की पहिला तडा तिथेच पडतो.

खोलीतली किती जागा जाते?

गोळ्यांनी लावला तर दर भिंतीला साधारण एक इंच. फ्रेमवर दीड ते दोन इंच, आणि लोकर भरली तर त्याहून जास्त. दहा बाय बाराच्या खोलीच्या चारही भिंतींना ४५ मिमीचं अस्तर दिलं तर सुमारे साडेसहा चौरस फूट जागा जाते. मुंबईच्या भावात हा आकडा गुणून बघा, मग चारही भिंतींना हवाय का ते ठरवा. बहुतेकांना एकाच भिंतीची गरज असते.

जागेपेक्षा जास्त त्रास कडांचा होतो. दाराची चौकट आत बुडते, खिडकीचा मार्बल आखूड पडतो, कपाटाचं दार पूर्ण उघडत नाही. काम सुरू होण्याआधी हे सगळं टेपने मोजा.

स्विचबोर्डचं काय करायचं?

भिंतीतला डबा बोर्डाच्या पृष्ठभागापर्यंत पुढे आणायचा. लांब स्क्रू टाकून प्लेट पुढे आणायची आणि मागे पोकळी उघडी सोडायची, हा जुगाड चालू देऊ नका. ठिणगी उडाली तर ती डब्यातच विझली पाहिजे. बोर्डामागून जाणारी प्रत्येक वायर पाइपमधूनच जावी. बोर्ड चढण्याआधी मोबाइलवर प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या, फोटोत टेप दिसू द्या. पाच वर्षांनी ड्रिल मारताना हे फोटो देवासारखे धावून येतात. आणि हो, मेन स्विच बंद. सांगायला नको, तरी सांगतो.

टीव्ही, भांड्यांची मांडणी, देव्हारा टांगता येईल का?

येईल, पण आधी सांगितलं तर. जिथे वजन येणार तिथे बोर्ड चढण्याआधीच फ्रेममध्ये १८ मिमीचा प्लायवुड बसवून घ्या, टीव्हीच्या ब्रॅकेटपेक्षा चारी बाजूंनी मोठा. राहून गेलं असेल तर लांब स्क्रू आणि गिट्टी वापरून वजन मागच्या भिंतीवर न्या. मात्र गोळ्यांच्या कामात मागे पोकळी असल्यामुळे स्क्रू आवळला की बोर्ड आत दबतो. त्यासाठी पोकळी ओलांडणाऱ्या नळीच्या गिट्ट्या मिळतात. तसबिरी, घड्याळ, कॅलेंडर यांना बोर्डाच्या गिट्ट्या पुरतात. स्वयंपाकघरातली वरची कपाटं पोकळ बोर्डावर टांगणाऱ्याला हात जोडा आणि घरी पाठवा.

सांध्यावर तडे येतातच असं म्हणतात. खरं का?

येतात ते सांधा भरताना घाई केल्यामुळे. बोर्डाच्या लांब कडा किंचित उतरत्या असतात, टेप आणि कंपाउंड बसावं म्हणून. आधी कंपाउंडचा हात, त्यात कागदी टेप दाबून बसवायची, वाळू द्यायचं, मग दुसरा रुंद हात, पुन्हा वाळवण, मग तिसरा त्याहून रुंद. दोन हातांमध्ये एक दिवस तरी, पावसाळ्यात जास्त. जाळीची टेप लावायला सोपी, पण मला कागदी टेपवर जास्त भरवसा वाटतो. कापलेल्या कडेला उतार नसतो, म्हणून तिथला सांधा नेहमी थोडा फुगीर दिसतो. असे सांधे दारामागे, कपाटामागे घ्या.

पीओपी आणि पुट्टी मिसळून सांधे भरणाऱ्यांचं काम पहिल्या उन्हाळ्यात ओळखू येतं.

बोर्ड जिथे काँक्रीटच्या बीमला किंवा उघड्या गिलाव्याला भिडतो तिथे तडा येणारच, कारण दोन्ही वेगवेगळं हलतात. तो लपवायला जाऊ नका. तीन-चार मिलिमीटरची सरळ फट ठेवून ती रंगवता येणाऱ्या अॅक्रिलिक सीलंटने भरा.

हिरवा बोर्ड बाथरूममध्ये चालतो ना?

हिरव्या कागदाचा बोर्ड दमट हवा सहन करतो, पाण्याचा मारा नाही. वॉश बेसिनच्या बाहेरच्या पॅसेजला ठीक. शॉवरच्या भिंतीला सिमेंट बोर्ड किंवा साधा सिमेंटचा गिलावा, वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स. गुलाबी कागदाचा बोर्ड आगीसाठी असतो. त्यात काचेचे धागे असतात. साधा बोर्डही आगीत काही वेळ टिकतो, कारण आतलं बांधलेलं पाणी वाफ होऊन उडेपर्यंत मागची बाजू फारशी तापत नाही.

वाळवीला जिप्सम आवडत नाही म्हणतात.

जिप्सम नाही आवडत. कागद आवडतो, आणि मागची लाकडी पट्टी तर मेजवानीच. वाळवी बोर्डामागच्या अंधारात निवांत चढते आणि चौकटीपाशी माती दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून लाकडी पट्ट्या नकोत. तळमजला असेल तर बोर्ड चढण्याआधी भिंतीच्या पायाशी वाळवीप्रतिबंधक उपचार करून घ्या. नंतर करायचा तर बोर्डालाच भोकं पाडावी लागतील.

शेजाऱ्यांचा टीव्ही ऐकू येतो. बोर्डाने थांबेल?

गोळ्यांनी चिकटवलेल्या बोर्डाने आवाज कधीकधी वाढतो. लोकांचा यावर विश्वास बसत नाही. पातळ पोकळीतली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि ठरावीक सुरांना भिंत आणि बोर्ड एकत्र थरथरतात, ढोलासारखे. आवाजासाठी फ्रेम भिंतीपासून शक्य तेवढी सुटी ठेवायची, मध्ये ग्लासवूल किंवा रॉकवूल, पुढे एकाऐवजी दोन बोर्ड, सांधे एकमेकांवर न आणता, आणि चारी कडा सीलंटने बंद. तरीही वरच्या मजल्यावरचा खलबत्ता थांबणार नाही. तो आवाज स्लॅबमधून येतो.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. इथलं जुनं विटांचं घर आहे. हेच नियम का?

पद्धत तिथलीच, ‘डॉट अँड डॅब’ नावाने गोळ्यांचं काम तिथे घरोघरी चालतं. पण हवामान उलटं. आपल्याकडे भीती बाहेरच्या पावसाची, तिथे जोडीला आतल्या वाफेची. थंडीत स्वयंपाकाची, कपडे वाळवण्याची वाफ बोर्डामागे जाऊन गार विटेवर थिजते. नऊ इंची एकसंध भिंत असेल तर नुसता बोर्ड न लावता इन्सुलेशन आणि वाफ अडवणारा थर यांचा विचार एकत्र करा. बरीच भिंत नव्याने आच्छादणार असाल तर इन्सुलेशनचे सरकारी नियम लागू होऊ शकतात. आधी स्थानिक कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला विचारा.

कोटेशन घेताना काय विचारावं?

दर चौरस फुटावर असतो, आणि तो आकडा एकटा काहीच सांगत नाही. बोर्ड कुठल्या कंपनीचा आणि किती मिमीचा, सेक्शनच्या पत्र्याची जाडी किती, दोन सेक्शनमधलं अंतर किती, सांध्याला कुठलं कंपाउंड, दार-खिडक्यांची जागा मापातून वजा होणार का, राडारोडा कोण उचलणार, हे लेखी घ्या. पत्र्याच्या जाडीत सगळ्यांत जास्त हात मारला जातो. दोन बोटांत धरून सहज पिळता आला तर परत पाठवा.

बोर्ड साइटवर आले की आडवे, सपाट, जमिनीपासून उचलून ठेवायला लावा. भिंतीला टेकवून आठवडाभर उभे ठेवलेले बोर्ड पोटातून वाकतात. उचलताना मात्र उभे, दोघांनी.

स्वतः करता येईल का?

एखादी छोटी भिंत, हो. कापणं अगदी सोपं आहे. पुढच्या कागदावर कटरने रेघ मारायची, मागून गुडघ्याचा हलका धक्का द्यायचा, पाटी खटकन मोडते, मग मागचा कागद कापायचा. सहा बाय चारचा बोर्ड वीस किलोच्या आसपास भरतो, म्हणून जोडीदार हवाच. जमत नाही ते सांध्याचं काम. पॉलिशपेपर मारताना नाकाला मास्क लावा, धूळ चार दिवस घरभर फिरते.

उरलेले तुकडे कुठे टाकायचे?

ओल्या कचऱ्यात नक्कीच नाही. जिप्सम ओल्या, हवा नसलेल्या ढिगात कुजायला लागलं की सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. बांधकामाच्या राडारोड्यासाठी २०१६ पासून वेगळे नियम आहेत. महापालिकेच्या राडारोडा केंद्रावर किंवा त्यांच्या गाडीतच द्या. एक अख्खा बोर्ड मात्र देऊ नका. प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर आडवा ठेवा, सोबत अर्धी बादली कोरडं कंपाउंड आणि उरलेली टेप. पुढे कधी प्लंबरला भिंतीत हात घालावा लागला की त्याच जाडीचा तुकडा शोधत दुकानं पालथी घालावी लागणार नाहीत.